वाचकांचे प्रश्न: बॅटरी स्पॉट वेल्डरचे नियंत्रण सर्किट

सेलवर निकेलची पट्टी बसवणारे हाताने बनवलेले स्पॉट वेल्डर मुख्यतः दोन तऱ्हेचे असतात. एकात १२ व्होल्टची बॅटरी आणि मॉसफेटची (इलेक्ट्रॉनिक स्विचची) रांग असते. दुसऱ्यात मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर, त्यावर जाड केबलचे दीड-दोन वेढे आणि प्रायमरीच्या (घरच्या विजेकडच्या गुंडाळीच्या) वाटेत ट्रायक, म्हणजे एसीचा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. या वेळी दोन्हींबद्दल प्रश्न आले आहेत. बहुतेक तक्रारी ‘ताकद कमी पडते’ किंवा ‘पार्ट टिकत नाहीत’ अशा आहेत, पण त्यांचे मूळ बॅटरीत किंवा ट्रान्सफॉर्मरमध्ये नसून पल्स (क्षणभराचा प्रवाह) देणाऱ्या छोट्या सर्किटात आहे.

प्रश्न: कारच्या १२ व्होल्ट बॅटरीवर वेल्डर बनवला आहे. आयआरएफ १४०४ जातीचे आठ मॉसफेट समांतर आहेत, गेट ड्रायव्हर (मॉसफेट चालू-बंद करणारा पाय म्हणजे गेट, तो चालवणारी चिप) टीसी ४४२० आणि पल्ससाठी अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा नियंत्रक बोर्ड). सुरुवातीचे काही ठिपके छान बसतात, मग एखादा मॉसफेट शॉर्ट होतो आणि टोके पट्टीला चिकटून लाल होतात. दोनदा पूर्ण संच बदलला. जास्त अँपिअरचे मॉसफेट घ्यावेत का?

उत्तर: आधी कारण शोधा, नाहीतर महागडे मॉसफेटही त्याच वाटेने जातील. आठ आयआरएफ १४०४ समांतर असताना एकूण रोध सुमारे अर्धा मिलिओहम होतो. ८०० अँपिअरला प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ४० वॉट येतात आणि १० मिलिसेकंदांत ०.४ जूल. एवढ्याने तो मरत नाही. तो मरतो पल्सच्या मध्यात किंवा पल्स संपताना, आणि दोन्हींची कारणे वेगळी आहेत.

मध्यात मरण्याचे कारण म्हणजे गेटचे व्होल्टेज खाली बसणे. तुमच्या जोडणीत ड्रायव्हरला पुरवठा त्याच बॅटरीतून असणार. ८०० अँपिअर ओढले की बॅटरीचे टोक १२.६ वरून ७-८ व्होल्टवर येते, थकलेली बॅटरी असेल तर त्याहूनही खाली. ड्रायव्हरच्या पुरवठ्याबरोबर गेटही खाली येते. आयआरएफ १४०४ चा उंबरठा (ज्या गेट व्होल्टेजला तो उघडू लागतो) २ ते ४ व्होल्ट असतो आणि त्याचा कमीत कमी रोध मिळतो तो १० व्होल्टला. गेटवर ५ व्होल्ट राहिले की मॉसफेट पूर्ण उघडत नाही. त्याच्यावर ३ व्होल्ट पडले आणि १०० अँपिअर वाहिले तर ३०० वॉट झाले. शिवाय या अर्धवट अवस्थेत जो मॉसफेट जास्त तापतो त्याचा उंबरठा घसरतो आणि तो आणखी प्रवाह ओढतो. आठांत विभागलेला भार एकावर येतो आणि तोच फुटतो. टीसी ४४२० साडेचार व्होल्टपर्यंत चालतो आणि पुरवठा कमी पडला म्हणून स्वतःहून थांबत नाही, त्यामुळे तुम्हाला काही कळतही नाही.

उपाय स्वस्त आहे. बॅटरीच्या धन टोकापासून १एन ५८१९ हा शॉटकी डायोड, त्याच्यापुढे ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ड्रायव्हरच्या पायांजवळच (पिनांजवळच) १ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक. बॅटरी बसली तरी डायोड उलटा होतो आणि ड्रायव्हर कपॅसिटरवर चालतो. हिशेब असा: आठ गेट भरायला दीड मायक्रोकूलोमच्या आसपास लागतात, ते नगण्य. खरे खाणारे म्हणजे गेट आणि सोर्स (मॉसफेटचे ऋण बाजूचे टोक) यांमधले १० किलोओहमचे आठ रेझिस्टर. ते मिळून १.२५ किलोओहम होतात, म्हणजे सुमारे १० मिलिअँपिअर. १० मिलिसेकंदांत १०० मायक्रोकूलोम गेले, ४७० मायक्रोफॅरडवर फक्त ०.२ व्होल्टची घट झाली. मात्र याच कपॅसिटरवरून अर्डुइनो आणि डिस्प्लेही चालवला तर ५० मिलिअँपिअर जास्त जातात आणि घट एक व्होल्टपुढे जाते. म्हणून नियंत्रकाला दुसरा डायोड आणि दुसरा कपॅसिटर द्या.

त्यासोबत एक तपासणी प्रोग्रॅममध्ये घाला. ड्रायव्हरचा पुरवठा २२ किलोओहम आणि १० किलोओहमच्या विभाजकातून अॅनालॉग पायावर आणा. १२ व्होल्टला तिथे ३.७५ व्होल्ट दिसतील. पुरवठा साडेनऊ व्होल्टखाली, म्हणजे पायावर २.९७ पेक्षा कमी असेल तर पल्स सुरूच करायचा नाही, आणि चालू पल्समध्ये तो खाली आला तर तिथेच तोडायचा.

आता पल्स संपताना काय होते ते पाहा. वेल्डिंगच्या आणि बॅटरीच्या केबलींचा फेरा साधारण मीटरभर लांब असला की त्याचा इंडक्टन्स १ मायक्रोहेन्रीच्या घरात असतो. ८०० अँपिअरला त्यात ०.३२ जूल साठलेले असतात. मॉसफेट बंद झाला की ही ऊर्जा कुठेतरी जाणारच. वाट ठेवली नसेल तर ड्रेनचे (मॉसफेटच्या वेल्डिंग बाजूच्या टोकाचे) व्होल्टेज ४० च्या वर उसळते आणि ज्या मॉसफेटचे ब्रेकडाउन सगळ्यांत आधी येते तो एकटा तो मार खातो. काही ठिपके नीट बसून मग मॉसफेट जाणे हे याचेच लक्षण असू शकते.

इथे तीन गोष्टी एकत्र कराव्या लागतात, एकीने भागत नाही. केबली कमी लांबीच्या घ्या आणि जाणारी-येणारी एकमेकींना चिकटवून बांधा. वेल्डिंग केबलींच्या ऊर्जेसाठी ड्रेनच्या पट्टीपासून बॅटरीच्या धन पट्टीकडे जाणारे तीन-चार शॉटकी डायोड लावा, कॅथोड धन पट्टीवर. सुरुवातीला पूर्ण ८०० अँपिअर त्यांच्यातून जातात, पण जेमतेम अर्धा मिलिसेकंद, म्हणून क्षणिक प्रवाहाची क्षमता बघून निवडा. बॅटरीकडच्या केबलींसाठी हे डायोड कामाचे नाहीत. त्यासाठी मॉसफेटच्या अगदी शेजारी, धन पट्टी आणि सोर्सच्या पट्टीमध्ये १००० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचे चार-पाच कमी ईएसआरचे (अंतर्गत रोधाचे) कपॅसिटर लागतात. एकच मोठा कपॅसिटर लावू नका. ८०० अँपिअरला १० मिलिओहमवरच ८ व्होल्ट उसळतात, म्हणून समांतर संख्या महत्त्वाची. शेवटची तटबंदी म्हणून ड्रेन आणि सोर्समध्ये ५केपी२०ए जातीचे दोन-तीन टीव्हीएस (उसळी गिळणारे) डायोड लावले की काम पूर्ण.

प्रत्येक गेटला स्वतंत्र रेझिस्टर हवा, सगळ्यांना मिळून एक नको. २२ ते ४७ ओहम ठेवा. त्याने बंद होणे काही शे नॅनोसेकंदांवर येते आणि उसळी मऊ होते. त्याहून फार वाढवलेत तर पुन्हा अर्धवट उघडलेल्या अवस्थेत वेळ जातो.

जळालेला नेमका कोणता, हेही या स्वतंत्र रेझिस्टरमुळे सापडते. बॅटरी काढून प्रत्येक गेट रेझिस्टरचे ड्रायव्हरकडचे टोक सोडवा आणि त्या मॉसफेटच्या गेट आणि सोर्समध्ये मल्टिमीटर लावा. चांगल्यावर त्याचा १० किलोओहम दिसेल, गेलेल्यावर काही ओहम ते काही शे ओहम. एक गेला तरी माझे मत आठही बदलावेत असे आहे, कारण उरलेल्यांनी तोच मार सोसलेला असतो. नव्या संचाची पहिली चाचणी वेल्डिंगची टोके मोकळी ठेवून फक्त गेटचा पल्स स्कोपवर बघून करा. दुसरी चाचणी कारचा ५५ वॉटचा हेडलाइट बल्ब टोकांमध्ये लावून करा. मग पट्टी.

प्रश्न: वेल्डरला पॉवर दिली की पेडल न दाबताच एक पल्स जातो. टोके सेलवर टेकलेली असली तर ठिणगी उडते. प्रोग्रॅम तर अगदी साधा आहे.

उत्तर: ड्रायव्हरची तार अर्डुइनोच्या १३ क्रमांकाच्या पायावर असेल तर ती आजच हलवा. चालू होताना बूटलोडर त्या पायावरचा एलईडी लुकलुकवतो आणि तुमचा प्रोग्रॅम तेव्हा सुरूही झालेला नसतो. ० आणि १ हे पायही टाळा, ते सीरियलचे आहेत.

पाय बदलूनही त्रास राहिला तर कारण तरंगता पाय. रीसेटच्या काळात एटीमेगा ३२८ चे (अर्डुइनोवरच्या चिपचे) सगळे पाय ना वर ना खाली, असे मोकळे असतात. ड्रायव्हरच्या इनपुटपासून जमिनीला (सर्किटच्या ऋण बाजूला) रेझिस्टर नसेल तर आसपासच्या खळबळीने ते इनपुट वर जाते. १० किलोओहम लावले की हे थांबते.

पण यापेक्षा गंभीर शक्यता म्हणजे पल्स चालू असतानाच प्रोग्रॅम अडकणे. पाय वरच राहिला तर बॅटरी सेलमध्ये ओतत राहते, आणि लिथियम सेलच्या बाबतीत याचा अर्थ आग. म्हणून कमाल वेळेचा बंधारा प्रोग्रॅमच्या बाहेर, तांब्यात म्हणजे सर्किटमध्येच असायलाच हवा. टीसी ४४२० साठी सोपी रीत अशी: पाय आणि ड्रायव्हरचे इनपुट यांच्यामध्ये १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर मालिकेत ठेवा, इनपुटपासून जमिनीला १० ऐवजी ४७ किलोओहम लावा आणि त्याच जागी १एन ४१४८, कॅथोड इनपुटकडे. पाय कितीही वेळ वर राहिला तरी इनपुट साधारण ३५ ते ८५ मिलिसेकंदांत खाली येते. डायोडमुळे पल्स संपताच कपॅसिटर लगेच मोकळा होतो, म्हणून दुहेरी पल्सलाही अडचण येत नाही. ड्रायव्हर ऑप्टोकपलरचा (आतल्या एलईडीच्या प्रकाशातून संकेत देणाऱ्या चिपचा) असेल तर ही युक्ती चालत नाही, कारण त्याच्या एलईडीला प्रवाह लागतो. तिथे एनई ५५५ चा एकदाच चालणारा टायमर घ्या. ४७ किलोओहम आणि १ मायक्रोफॅरडला ५२ मिलिसेकंद मिळतात. अर्डुइनो आणि टायमर या दोन्हींचे आउटपुट अँड गेटमधून गेले तरच पल्स पुढे जाईल.

बॅटरीच्या वाटेत जाड पट्टीचा फ्यूजही हवा. १० मिलिसेकंदांच्या पल्सला तो तग धरतो आणि मॉसफेट शॉर्ट होऊन प्रवाह चालूच राहिला तर वितळतो. हा फ्यूज न लावता सेलला टोके टेकवू नयेत.

प्रश्न: प्रत्येक ठिपक्याला डिस्प्लेवर चित्रविचित्र अक्षरे येतात. कधी कधी अर्डुइनो रीसेट होतो. मोठा कपॅसिटर लावला, फरक नाही.

उत्तर: पुरवठा नव्हे, जमीन हलते आहे. नियंत्रकाची ऋण तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि ड्रायव्हरची सोर्सच्या पट्टीला जोडलेली असेल, तर त्या दोन जागांमधून वेल्डिंगचा प्रवाह वाहतो. ०.२ मिलिओहमवर ८०० अँपिअरला ०.१६ व्होल्ट पडतात, ते चालून जाते. पण पाच सेंटिमीटर वाहकाचा इंडक्टन्स साधारण ५० नॅनोहेन्री असतो. प्रवाह ५ मायक्रोसेकंदांत शून्यावर आला तर त्यावर ८ व्होल्ट उभे राहतात. ५ व्होल्टच्या चिपची जमीन ८ व्होल्टने हलली तर ती भरकटणारच.

ड्रायव्हर मॉसफेटच्या शेजारी ठेवा, त्याची जमीन सोर्सच्या पट्टीच्या मध्यावर. नियंत्रकाची जमीनही त्याच एका बिंदूवर, दुसरीकडे कुठेही नाही. यूएसबीची तार संगणकाला जोडलेली असेल तर तो दुसरा रस्ता होतो, हे लक्षात असू द्या.

कायमचा उपाय हवा असेल तर टीसी ४४२० काढून टीएलपी २५० बसवा. हा ऑप्टोकपलर आणि गेट ड्रायव्हर एकत्रच आहे, १० व्होल्टपासून चालतो आणि दीड अँपिअरपर्यंत देतो, आठ गेटना ते पुरते. अर्डुइनोचा पाय ३३० ओहममधून त्याच्या एलईडीला द्या, १० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह जातो. मग नियंत्रकाचा पुरवठा पूर्ण वेगळा ठेवता येतो. पॉवर बँक वापरणार असाल तर ती भार कमी म्हणून आपोआप बंद होत नाही ना, हे पाहा.

डिस्प्लेच्या तारा दहा सेंटिमीटरच्या आत ठेवा, पल्स चालू असताना त्याच्याशी बोलू नका आणि प्रत्येक ठिपक्यानंतर तो नव्याने सुरू करून घ्या.

प्रश्न: मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरवर वेल्डर आहे. प्रायमरीला ४० अँपिअरचा सॉलिड स्टेट रिले, वेळ १५ मिलिसेकंद. एक ठिपका भोक पाडतो, दुसरा नखाने निघतो. सेटिंग तेच. अधूनमधून एमसीबीही पडतो. ट्रान्सफॉर्मर खराब आहे का?

उत्तर: ट्रान्सफॉर्मर ठीक असावा. एसीसाठीचे साधे सॉलिड स्टेट रिले व्होल्टेज शून्यावरून जातानाच चालू होतात आणि प्रवाह शून्य झाल्यावरच बंद होतात. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात शून्य दर १० मिलिसेकंदांनी येते. तुमच्या १५ मिलिसेकंदांच्या खिडकीत कधी एक शून्य सापडते, कधी दोन, आणि पेडल कोणत्या क्षणी दाबले त्यावर ते ठरते. म्हणजे एकदा एक अर्धचक्र मिळते, एकदा दोन. ऊर्जा दुपटीने बदलते. वेळ २० केलीत तर ठिपके बरेच सारखे येतील, पण एमसीबीचा त्रास राहील.

एमसीबी पडतो तो कोरच्या संपृक्ततेमुळे. मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर मुळातच संपृक्ततेच्या काठावर चालवायला केलेला असतो. व्होल्टेज शून्यावर असताना चालू केला की पहिल्या अर्धचक्रात कोरमधला फ्लक्स नेहमीच्या जवळजवळ दुप्पट व्हायला बघतो, कोर भरतो आणि प्रायमरी प्रचंड प्रवाह ओढते. म्हणजे हीटरसाठी आदर्श असलेला शून्यावर चालू होणारा रिले ट्रान्सफॉर्मरसाठी सर्वांत वाईट क्षण निवडतो. त्यात अर्धचक्रांची संख्या विषम असली तर कोर एका दिशेने चुंबकित राहतो. पुढचा पल्स त्याच दिशेने सुरू झाला की झटका आणखी मोठा. बी प्रकारचा एमसीबी क्षमतेच्या ३ ते ५ पट प्रवाहाला लगेच पडतो, सी प्रकारचा ५ ते १० पटीला. एमसीबी बदलून लक्षण झाकले जाईल, कारण तसेच राहील.

बदल असा करा. रिलेच्या जागी बीटीए ४१-६००बी ट्रायक आणि त्याला एमओसी ३०५२ ऑप्टो. हा कोणत्याही क्षणी चालू होतो आणि ६०० व्होल्ट सोसतो. एमओसी ३०२१ सुद्धा कोणत्याही क्षणी चालू होतो, पण तो ४०० व्होल्टचाच आहे. २३० व्होल्टचे शिखरच ३२५ असते, उसळीला जागा उरत नाही. एमओसी ३०४१ आणि ३०६३ शून्याची वाट पाहणारे आहेत, ते घेतलेत तर पुन्हा मूळपदावर. ऑप्टोच्या वाटेत ३६० ओहम, ट्रायकवर १०० ओहम २ वॉट आणि १०० नॅनोफॅरड एक्स-२ कपॅसिटरचा स्नबर (उसळी शोषणारी जोडी). या स्नबरमधून बंद स्थितीतही सुमारे ७ मिलिअँपिअर गळतात, म्हणून ट्रायक बंद असला तरी प्रायमरीला हात लावू नये. बीटीए मालिकेची धातूची पाठ आतून विलग असते, बीटीबीची नसते. हीटसिंकला बसवण्यापूर्वी छापील अक्षरे वाचा.

शून्य ओळखायला पीसी ८१७ ऑप्टोकपलर पुरतो. लाइन आणि न्यूट्रलवरून ३३ किलोओहम १ वॉटचे दोन रेझिस्टर मालिकेत, एलईडीला उलटा १एन ४१४८. हा अर्ध्या लहरीवरच चालतो आणि तेच आपल्याला हवे आहे: दर २० मिलिसेकंदांनी एक खूण मिळते आणि पल्स नेहमी एकाच बाजूच्या अर्धचक्रावर सुरू होतो. खुणेची कड खऱ्या शून्यापासून थोडी सरकलेली असते. ती किती ते एकदा मोजून प्रोग्रॅममध्ये वजा करा. वेल्डिंगच्या क्षणी लाइन खचते आणि खोट्या खुणा येतात, म्हणून एक खूण मिळाल्यावर १५ मिलिसेकंद दुसरीकडे दुर्लक्ष करा.

क्रम असा ठेवा: पेडल, खुणेची वाट, शून्यापासून ५ मिलिसेकंद थांबून म्हणजे शिखरावर ऑप्टो चालू, मग सम संख्येची अर्धचक्रे, आणि शेवटच्या अर्धचक्राचे २-३ मिलिसेकंद उरले असताना ऑप्टो बंद. ट्रायक पुढे प्रवाह शून्य होईपर्यंत स्वतः चालू राहतो. ऑप्टोला १०० मायक्रोसेकंदांचा छोटा ठोका देऊन सोडू नका. इंडक्टिव्ह भारात प्रवाह हळू चढतो, ट्रायक पकड घेण्याआधीच सुटतो आणि अर्धचक्रे गळतात. ‘वेळ वाढवली तरी ताकद वाढत नाही’ ही तक्रार बहुतेकदा यातूनच येते.

काम करताना प्रायमरीच्या मालिकेत १०० वॉटचा फिलामेंट बल्ब ठेवा. पेडल न दाबता तो पेटला तर ट्रायक शॉर्ट आहे. कोर अर्थ केलेला हवा, उच्च दाबाची मूळ गुंडाळी पूर्ण काढलेली हवी, आणि स्कोपची जमिनीची क्लिप लाइनच्या बाजूला कधीही लावू नये.

प्रश्न: तयार टायमर बोर्ड घेतला. १२ व्होल्टच्या डीसी अडॅप्टरवर आकडे दिसतात, बटणेही चालतात, पण पल्सच जात नाही.

उत्तर: ट्रायकच्या अनेक तयार बोर्डांना छोट्या ट्रान्सफॉर्मरची कमी व्होल्टची एसी लागते. त्यातूनच ते पुरवठाही घेतात आणि शून्याची खूणही. डीसी दिल्यावर चिप जागी होते, पण खूण कधी येतच नाही आणि ती वाट बघत बसते. बोर्डावर इनपुटला एसी लिहिले आहे का ते बघा आणि तेवढ्याच व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर त्याच फेजवरून द्या. बोर्ड खराब नाही.

प्रश्न: पेडल एकदा दाबले तरी दोन ठिपके पडतात.

उत्तर: स्विचचे पान दाबताना थरथरते, आणि सोडतानाही. प्रोग्रॅममध्ये दाब ३० मिलिसेकंद सलग दिसला तरच तो खरा मानायचा, आणि पल्सनंतर पेडल १०० मिलिसेकंद सलग सुटलेले दिसेपर्यंत पुढचा पल्स अडवायचा. दुसरी अट बरेच जण विसरतात आणि सोडतानाच्या थरथरीत ठिपका पडतो.

पेडलची तार मीटरभर असेल तर ती वेल्डिंग केबलचा अँटेनाही होते. चिपच्या आतला पुल-अप (पाय वर ओढून ठेवणारा रेझिस्टर) २० ते ५० किलोओहमचा असतो, तो फार कमकुवत पडतो. बाहेरून १ किलोओहम ५ व्होल्टला लावा, पायाच्या वाटेत आणखी १ किलोओहम आणि पायापासून जमिनीला १०० नॅनोफॅरड. तार पिळलेली घ्या आणि वेल्डिंग केबलला बांधू नका.

प्रश्न: बॅटरीच्या वेल्डरमध्ये मॉसफेटऐवजी एक मोठा एससीआर (एकाच दिशेने प्रवाह सोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) लावता येईल का?

उत्तर: नाही. डीसीवर एससीआर एकदा पेटला की गेट काढूनही विझत नाही, बॅटरी प्रवाह देत राहते. कपॅसिटर बँक पूर्ण रिकामी करणाऱ्या वेल्डरमध्ये तो चालतो, कारण तिथे प्रवाह स्वतःच संपतो. मात्र तिथे ताकद वेळेने नव्हे, चार्जिंगच्या व्होल्टेजने ठरवावी लागते.

प्रश्न: वेळेऐवजी प्रत्येक ठिपक्याला ठरावीक जूल देता येतील असा बदल करायचा आहे. शंट (प्रवाह मोजायचे लहान रोध) महाग आहेत. काही वाट?

उत्तर: शंट तुमच्याकडे आहेच. १६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलच्या ३० सेंटिमीटर तुकड्याचा रोध ०.३२ मिलिओहम येतो. ८०० अँपिअरला त्यावर पाव व्होल्ट पडतो. सोर्सकडून बॅटरीच्या ऋण टोकाकडे जाणारी केबल निवडा, म्हणजे मोजमाप जमिनीजवळ राहते. इन्शुलेशन दोन ठिकाणी कापून बारीक तारा थेट तांब्यावर सोल्डर करा, लगेच पिळून घ्या आणि पंधरा पट वाढवणाऱ्या एमसीपी ६००२ या अॅम्प्लिफायर चिपकडे न्या. प्रवाह सोर्सकडून बॅटरीकडे जातो, म्हणून सोर्सकडची तार धन समजा. मापन करताना केबलमधून १० अँपिअर सोडा आणि मल्टिमीटरवर किती मिलिव्होल्ट येतात ते बघा, ३.२ च्या आसपास हवेत. आलेला आकडाच प्रोग्रॅममध्ये घाला. तांब्याचा रोध अंशामागे ०.३९ टक्के वाढतो, केबल २५ अंशांनी तापली तर मोजणी दहा टक्के चुकेल. सलग काम असेल तर हे ध्यानात हवे.

पल्सच्या सुरुवातीला केबलच्या इंडक्टन्समुळे शंटवर खोटी उसळी येते. इनपुटला १ किलोओहम आणि १० नॅनोफॅरड लावा, आणि पहिले २०० मायक्रोसेकंद हिशेबात धरू नका.

व्होल्टेज टोकांच्या धारकांवरूनच घ्यायचे, बोर्डावरून नाही. नाहीतर केबलीत गेलेली ऊर्जाही ठिपक्याच्या नावे जमा होते. दोन्ही टोके जमिनीपासून वर असतात, म्हणून ३० किलोओहम आणि १० किलोओहमच्या एक टक्का रेझिस्टरांचा फरक मोजणारा अॅम्प्लिफायर करा. तो व्होल्टेज एकतृतीयांश करतो आणि १४ व्होल्टसुद्धा ५ च्या आत येतात.

अर्डुइनोचे नेहमीचे अॅनालॉग वाचन १०० मायक्रोसेकंदांहून जास्त वेळ खाते. एडीसीचा (हे वाचन करणाऱ्या चिपमधल्या भागाचा) घड्याळ विभाजक १२८ वरून १६ वर आणला की एक वाचन १३ मायक्रोसेकंदांत होते. अचूकता थोडी घटते, आठ बिट धरून चाला, इथे पुरेसे आहे. प्रवाह आणि व्होल्टेज आळीपाळीने वाचा, गुणाकार करून बेरीज वाढवत न्या, ठरलेली बेरीज झाली की पल्स तोडा. ८०० अँपिअर, टोकांत दीड व्होल्ट आणि १० मिलिसेकंद म्हणजे १२ जूल. तिथून सुरुवात करून पट्टीप्रमाणे जुळवा.

दोन अटी मात्र घालाच. पहिल्या मिलिसेकंदानंतरही प्रवाह २०० अँपिअरखाली असेल तर टोक नीट टेकलेले नाही, पल्स तोडा आणि सूचना द्या. आणि जूल पूर्ण झाले नाहीत तरी २५ मिलिसेकंदांना थांबा. या अटी नसतील तर खराब संपर्काच्या वेळी यंत्र जूल भरून काढायला बघते आणि सेलला भोक पडते.

प्रश्न: सर्किट तपासले, पल्स बरोबर आहे, तरी ०.१५ मिलिमीटरची पट्टी कधी चिकटते, कधी निघते. दुहेरी पल्सने फायदा होईल का?

उत्तर: होईल. पहिला पल्स २ मिलिसेकंदांचा. तो पृष्ठभागावरचा थर मोडतो आणि पट्टीला सेलवर बसवतो. मग १५ मिलिसेकंद थांबा, नंतर मुख्य पल्स ६ ते १० मिलिसेकंदांचा. पहिला पल्स वाढवून फायदा नाही, ठिणग्याच वाढतात.

त्याआधी टोके बघा. तांब्याची टोके १.५ ते २ मिलिमीटरची, सपाट घासलेली आणि दोन्हींवर सारखा दाब हवा. एकाच टोकाखालचा ठिपका कायम कच्चा राहत असेल तर दोष दाबात आहे. पट्टीला दोन टोकांच्या मधून उभी चीर पाडा. चीर नसेल तर बराच प्रवाह सेलपर्यंत न जाता पट्टीतूनच एका टोकाकडून दुसऱ्याकडे निघून जातो.

पट्टी शुद्ध निकेलची आहे की निकेल चढवलेल्या पोलादाची, हेही ठरवा. पोलादाचा रोध जास्त, म्हणून तेच सेटिंग तिला जोरात बसते आणि शुद्ध निकेलला कमी पडते. तुकडा घासून मिठाच्या पाण्यात दोन-तीन दिवस ठेवला की पोलादावर गंज दिसतो.

तपासणी जुन्या निकामी सेलवर, पूर्ण रिकाम्या करून, ऋण टोकाच्या तळावर करा. धन टोकाखाली सील असते, तिथे प्रयोग नकोत. डोळ्यांना चष्मा हवाच. पक्कडीने पट्टी ओढल्यावर ती फाटून निकेलचे दोन्ही ठिपके सेलवर राहिले तर सेटिंग बरोबर आहे. ठिपके अख्खे निघून आले तर मुख्य पल्स एक-एक मिलिसेकंदाने वाढवा. पट्टीला भोक पडले किंवा ठिपक्याभोवती मोठा निळा-तपकिरी डाग आला तर एक मिलिसेकंद मागे या.